प्रश्न चारचौघांतच विचार

प्रिय मित्रा,

सप्रेम आशीर्वाद.

परवा रात्री तू मला खासगीत पाठवलेल्या संदेशाला मी उत्तर दिले नाही, याचे तुला वाईट वाटले असेल. ते उत्तर आज देतो आहे; मात्र तुझे नाव आणि ओळख वगळून, कोणालाही वाचता येईल अशा रीतीने देतो आहे.

तू क्रिप्टोची खरेदी-विक्री करणाऱ्या एक्स्चेंजमधून आपल्या वॉलेटवर, म्हणजे स्वतःच्या ताब्यातल्या डिजिटल पाकिटावर, यूएसडीटी (डॉलरच्या भावाला बांधलेले क्रिप्टो चलन) पाठवलेस. एक्स्चेंज म्हणते रक्कम गेली, आणि वॉलेटमध्ये तर काहीच दिसत नाही. टेलिग्रामच्या त्या मोठ्या ग्रुपवर तू याबद्दल विचारलेस तेव्हा एकाने ‘आधी पिन केलेले वाच’ म्हणून झटकले, दुसऱ्याने तुझ्या इंग्रजीची टर उडवली, आणि थोड्याच वेळात ॲडमिनचे नाव व फोटो लावलेल्या एका गृहस्थाने तुला वेगळे गाठून मोठ्या आपुलकीने चौकशी केली. त्याने दिलेल्या लिंकवर वॉलेट उघडताना मिळालेले आपले १२ गुप्त शब्द भरले की वॉलेट ‘सिंक’ होईल, असे त्याचे म्हणणे. ते शब्द भरावेत, की या मंडळींचा नादच सोडावा, असे तू मला विचारतोस.

शब्द भरू नकोस आणि ग्रुपही सोडू नकोस. तोच प्रश्न पुन्हा चारचौघांत विचार.

ते १२ शब्द पासवर्डसारखे बदलता येत नाहीत. २०४८ शब्दांच्या ठरलेल्या यादीतून ते निवडले जातात, आणि त्यांच्यापासूनच तुझ्या वॉलेटच्या सगळ्या किल्ल्या तयार होतात. ज्याच्या हाती ते शब्द, त्याच्या हाती सगळी रक्कम. आणि एकदा झालेला व्यवहार उलटवून देणारा बँक मॅनेजर इथे नाही. तुझी अडचण सोडवायला ते शब्द कोणालाही लागत नाहीत. पाठवताना तू बीईपी-२०, म्हणजे बीएनबी चेन, हे नेटवर्क निवडले होतेस, असे तुझ्याच संदेशात आहे. इथेरियम आणि बीएनबी चेन या दोन वेगवेगळ्या नेटवर्कवर तुझ्या वॉलेटचा पत्ता एकच असतो, म्हणून माझा अंदाज असा, की पैसे तुझ्याच पत्त्यावर बीएनबी चेनवर पडून आहेत आणि तुझे वॉलेट तुला फक्त इथेरियम दाखवते आहे. एक्स्चेंजने दिलेला ट्रान्झॅक्शन आयडी बीएससीस्कॅन या बीएनबी चेनवरचे व्यवहार दाखवणाऱ्या संकेतस्थळावर टाकून पाहा, म्हणजे अंदाजावर विसंबावे लागणार नाही. मात्र त्या संकेतस्थळाचा पत्ता स्वतः टाइप कर. शोधल्यावर वर येणाऱ्या जाहिरातींवर जाऊ नकोस.

हे मी खासगीतही सांगू शकलो असतो. पण मी तुला खासगीत बरोबर उत्तर दिले असते, तर ते बरोबर आहे हे तू कशावरून ठरवले असतेस? त्या गृहस्थाचे बोलणेही तुला तितकेच बरोबर वाटत होते. चारचौघांत दिलेल्या उत्तराची चूक काढायला दहा जण टपलेले असतात आणि ते टपलेले असणे हेच नवख्याचे संरक्षण आहे. म्हणून पुन्हा सांगतो, प्रश्न चारचौघांत विचार आणि उत्तरही चारचौघांतच घे.

या क्षेत्राची घडणच अशी झाली आहे. ३१ ऑक्टोबर २००८ रोजी सातोशी नाकामोतो हे नाव घेऊन कोणीतरी बिटकॉइनचा ९ पानांचा आराखडा क्रिप्टोग्राफीच्या, म्हणजे सांकेतिक लेखनशास्त्राच्या, जाणकारांपुढे उघडपणे ठेवला, तेव्हा सुरुवातीलाच त्यांच्यापैकी जेम्स डोनाल्ड यांनी आक्षेप घेतला, की ही रचना गरजेइतकी मोठी होऊ शकेल असे दिसत नाही. सातोशीने त्या आक्षेपाला तिथेच, सर्वांसमोर उत्तर दिले. पुढे १५ ऑगस्ट २०१० रोजी बिटकॉइनच्या नोंदवहीतल्या ७४६३८ क्रमांकाच्या ब्लॉकमध्ये, म्हणजे व्यवहारांच्या गठ्ठ्यात, १८४ अब्जांहून अधिक बिटकॉइन निर्माण झालेले दिसले. बिटकॉइनची एकूण मर्यादाच २ कोटी १० लाखांची आहे. बिटकॉइनच्या सॉफ्टवेअरवर काम करणाऱ्या जेफ गार्झिक यांनी ‘हा ब्लॉक विचित्र दिसतो’ एवढेच उघडपणे लिहिले. काही तासांत सॉफ्टवेअरची दुरुस्त आवृत्ती आली आणि तो ब्लॉक साखळीतून बाद झाला. ती शंका कोणा एकाच्या कानात सांगितली गेली असती तर काय झाले असते, याचा विचार कर. तुझी शंका त्या शंकेहून लहान असेल, पण जात तीच आहे.

लोक हसतात, असे तू लिहितोस. हसू देत. हे जरा कठोर वाटेल, पण तुझ्या इंग्रजीपायी तू प्रश्न मागे घेतलास याचा मला राग आला. नेटवर्कचे नाव, वॉलेटचे नाव, वेळ आणि ट्रान्झॅक्शन आयडी या चार गोष्टी दिल्या की जगातला कोणताही जाणकार तुझी अडचण स्वतः तपासू शकतो. त्यासाठी व्याकरण लागत नाही. एवढे मात्र लक्षात ठेव, की त्या आयडीवरून तुझा पत्ता आणि त्यावरची शिल्लक सर्वांना दिसते, म्हणून विचारणाऱ्या खात्यावर आपले खरे नाव आणि फोन नंबर ठेवू नकोस.

हसणाऱ्यांनाही मला काही सांगायचे आहे. तोच प्रश्न रोज वाचून जुनी माणसे कंटाळतात हे मी समजू शकतो, मीही कंटाळतो. परंतु नवख्याची टर उडवणारा प्रत्येक जण त्याला थेट त्या आपुलकीवाल्या गृहस्थाच्या स्वाधीन करतो. फसवणाऱ्यांना आपली शिकार शोधावी लागत नाही. ग्रुपवर कोण नुकताच अपमानित झाला, एवढे पाहिले की पुरते. अपमानाने काही काळ जीव जळतो. खासगीतल्या गोडव्याने सगळी पुंजी जाते.

माझ्या ओळखीचे एक निवृत्त शिक्षक होते. त्यांनीही मला असेच खासगीत विचारले आणि मी त्यांना ‘ग्रुपवर विचारा’ असे कळवले. त्यांना तो अपमान वाटला. त्यांना दुसरा कोणीतरी भेटला, ‘गुरुजी, गुरुजी’ करत त्याने ते शब्द काढून घेतले आणि निवृत्तीच्या पैशातला मोठा भाग गेला. त्यांच्या घरचे आजही माझ्याशी बोलत नाहीत. मी त्या दिवशी उत्तर दिले असते तर ते पैसे वाचले असते, आणि ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही. तरीही मी माझा नियम सोडलेला नाही. मी खासगीत मदत करू लागलो, तर भली माणसे खासगीतच मदत करतात असे मीच शिकवतो. आणि उद्या माझे नाव आणि माझा फोटो लावून जो येईल, त्याला लोक दार उघडतील. मला गर्विष्ठ म्हणणारे पुष्कळ आहेत. त्यांच्यापैकी कोणीही मला या मुद्द्याचे उत्तर दिलेले नाही.

आपल्याकडे तर हे अधिकच जपायला हवे, कारण आपण ओळखीवर विश्वास टाकतो. ‘गेनबिटकॉइन’ या गुंतवणूक योजनेने दरमहा १० टक्के परतावा १८ महिने देण्याचे आश्वासन देऊन लोकांकडून बिटकॉइन गोळा केले, आणि २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी तिच्या सूत्रधाराला अटक केली. अशा साखळी योजना माणसाकडून माणसाकडे जातात. मेहुणा सांगतो, शेजारी सांगतो, आणि ‘हे १० टक्के नेमके येतात कुठून’ हे कोणी मोठ्याने विचारत नाही. तुलाही आता खासगीत प्रस्ताव येतील. कोणी तुझे यूएसडीटी बाजारापेक्षा चढ्या दराने घेतो म्हणेल आणि पैसे थेट बँकेत टाकील. ते पैसे फसवणुकीतले निघाले तर खाते तुझे गोठते. कर वाचवण्याची युक्ती सांगणारेही भेटतील. २०२२ पासून आपल्याकडे क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे, व्यवहारावर १ टक्का टीडीएस आहे आणि एका नाण्यातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही. परदेशातल्या सल्लागाराला यातले काही ठाऊक नसते. असा प्रत्येक प्रस्ताव चारचौघांत मांड आणि त्याचे काय होते ते पाहा.

आज रात्री एवढे कर. त्या लिंकवर तू चुकून एखादा जरी शब्द भरला असशील, तर वेळ न घालवता नवे वॉलेट उघडून शिल्लक तिकडे हलव. रक्कम गेलेलीच असेल तर सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार नोंदव. त्या गृहस्थाचे यूझरनेम खऱ्या ॲडमिनच्या यूझरनेमशी अक्षर न् अक्षर ताडून पाहा आणि त्याचा स्क्रीनशॉट ग्रुपवर टाक, कारण तोच संदेश आणखी कितीतरी नवख्यांना गेला असणार. मग तुझा प्रश्न त्या चार तपशिलांसह नव्याने लिही. मी तिथे आहे आणि उत्तर तिथेच देईन. माझे चुकले तर तिथलेच कोणीतरी मला सुधारील. मला खासगीत मात्र पुन्हा लिहू नकोस. आणि माझ्या नावाने तुला खासगीत कोणी लिहिले, तर तो मी नव्हे असे समज.

तुझा हितचिंतक