‘बाद फेरी’ की ‘बाद पद्धत’?

इंग्लंडमधील रग्बी क्लबांच्या जुन्या चषक स्पर्धेवर मराठीत टिपण लिहिणाऱ्या एका वाचकाने विचारले आहे की, ‘नॉकआउट कप’ यासाठी ‘बाद फेरी चषक’ असे लिहावे की ‘बाद पद्धतीची चषक स्पर्धा’ असे. वर्तमानपत्रांत हे दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी येतात, तेव्हा त्यांत खरोखर काही फरक आहे काय? माझ्या मते फरक आहे, तो पाळला पाहिजे, आणि वाचकाने निवडलेल्या स्पर्धेचा इतिहास पाहिला की तो का पाळावा हेही कळते.

आधी ‘बाद’ या शब्दाकडे पाहू. तो अरबीतून फारसीमार्गे मराठीत आला आणि येथे हिशेबाच्या वहीत चांगला रुजला. पगारातून खाडे बाद होतात, मतमोजणीत चुकीचा शिक्का असलेले मत बाद होते, चलनातून नोट बाद होते. जे मोजणीत धरायचे नाही ते बाद, हा अर्थ या सर्व प्रयोगांत एकच आहे. खो-खो, कबड्डी आणि क्रिकेट या खेळांत गडी बाद होतो तोही याच अर्थाने. इंग्रजी शब्दात ठोसा खाऊन आडवे पडण्याचे चित्र आहे. मराठीने ते उचलले नाही, हिशेबातून वगळण्याची आपली कल्पनाच पुढे चालवली, आणि मला ती अधिक नेमकी वाटते. रग्बीत एकेक गडी असा बाद होत नसला, तरी सामना हरलेला संपूर्ण संघ पुढच्या मोजणीतून वगळला जातो.

आता ‘फेरी’ आणि ‘पद्धत’. फेरी हा स्पर्धेचा एक टप्पा असतो, तर पद्धत म्हणजे संपूर्ण स्पर्धेची रचना. एखाद्या स्पर्धेत आधी गटवार साखळी सामने होऊन नंतर हरेल तो बाहेर असा टप्पा येत असेल, तर त्या टप्प्याला ‘बाद फेरी’ म्हणणे अगदी योग्य आहे. पहिल्या सामन्यापासून अंतिम सामन्यापर्यंत हाच एक नियम चालत असेल, तर मात्र ‘बाद पद्धत’ म्हणावे, कारण तेथे प्रत्येकच फेरी बाद फेरी असते आणि एखादीला वेगळे काढून ते नाव देण्यात अर्थ उरत नाही.

इंग्लिश रग्बी युनियन या तेथील नियामक संस्थेची ही क्लब स्पर्धा 1971-72 च्या हंगामात सुरू झाली, तेव्हा ती निखळ बाद पद्धतीची होती. ट्विकनम येथील पहिल्या अंतिम सामन्यात ग्लॉस्टरने मोझलीला 17-6 असे हरवले. येथे मराठी वाचकाने लक्षात घेण्यासारखी एक गोष्ट आहे. आपल्याला साखळी आणि बाद ही जोडी एकत्रच ऐकण्याची सवय आहे. इंग्लंडच्या क्लब रग्बीत मात्र राष्ट्रीय साखळी 1987 मध्ये आली, म्हणजे चषकानंतर सोळा वर्षांनी. तोपर्यंत क्लब आपापसांत ठरवून सामने खेळत.

चषकालाही इतका उशीर का झाला, याचे उत्तर युनियनच्या भूमिकेत आहे. चषकासाठी चुरस लागली की धसमुसळेपणा, पैजा आणि खेळाडूंना पैसे देण्याची प्रथा वाढेल, अशी तिच्या धुरिणांना धास्ती होती. वास्तविक लंडनच्या वैद्यकीय महाविद्यालयांची ‘हॉस्पिटल्स कप’ स्पर्धा 1875 पासून चालू होती. यॉर्कशायरचा चषक 1877-78 मध्ये सुरू झाला आणि तेथील लोक त्याला प्रेमाने ‘जुने पत्र्याचे भांडे’ म्हणू लागले. संस्कृतात ‘चषक’ म्हणजे पिण्याचे पात्र. अमरकोशातही हाच अर्थ आहे. तेव्हा यॉर्कशायरच्या लोकांनी नकळत शब्दाच्या मुळाशीच हात घातला, असे म्हणता येईल.

याच काळातला एक चषक तर आपल्या देशातून गेला. 1878 मध्ये कलकत्ता फुटबॉल क्लब हा रग्बी खेळणारा क्लब बंद झाला, तेव्हा खात्यावर उरलेले चांदीचे रुपये वितळवून त्यांचा ‘कलकत्ता कप’ हा चषक घडवण्यात आला आणि तो इंग्लिश युनियनला भेट देण्यात आला. त्याला नागांच्या आकाराच्या तीन मुठी आहेत आणि झाकणावर हत्ती आहे. क्लबांच्या वार्षिक स्पर्धेसाठी तो वापरला जावा, अशी देणाऱ्यांची इच्छा होती. युनियनने ती मानली नाही. 1879 पासून तो इंग्लंड आणि स्कॉटलंड यांच्या सामन्याला लावला गेला. ही इच्छा मानली गेली असती, तर इंग्लिश क्लबांची चषक स्पर्धा सुमारे नव्वद वर्षे आधी उभी राहिली असती, या विचाराने मला आजही हळहळ वाटते. शब्दापुरते सांगायचे, तर त्याला झाकण आहे म्हणून कोणी ‘करंडक’ म्हणू नये. करंडक म्हणजे मुळात झाकणाची डबी, जिचे घरगुती रूप कुंकवाचा करंडा. ‘रणजी करंडक’ रूढ आहे आणि बरोबरच आहे, परंतु ज्याच्या नावातच ‘कप’ आहे त्याला चषकच म्हणावे.

मूळ प्रश्नाकडे वळतो. बाद पद्धतीचे गणित सरळ आहे: जितके संघ, त्यांतून एक वजा केला की उरतील तितके बाद होतात. 1982 च्या अंतिम सामन्यात हे गणित एकदाच अडले. ग्लॉस्टर आणि मोझली यांची 12-12 अशी बरोबरी झाली, जादा वेळेतही निकाल लागला नाही आणि चषक दोघांत विभागला गेला. त्या वर्षीच्या वृत्तान्तात ‘मोझली बाद’ असे लिहिणे चूक ठरेल. दोघे संयुक्त विजेते होते. पुढे 1984 ते 1996 या काळात बाथने दहा वेळा अंतिम सामना गाठला आणि दहाही वेळा जिंकला. जॉन प्लेअर, पिल्किंग्टन, टेटलीज बिटर, पॉवरजेन अशी प्रायोजकांची नावे बदलत गेली, पद्धत मात्र 2005 पर्यंत तीच राहिली.

2005-06 मध्ये बारा इंग्लिश क्लब आणि वेल्सचे चार प्रादेशिक संघ यांची मिळून नवी स्पर्धा झाली. चार-चार संघांचे चार गट पडले आणि प्रत्येक गटातील अव्वल संघ थेट उपांत्य सामन्यात गेला. म्हणून 1971-72 ते 2004-05 या काळाविषयी लिहिताना ‘बाद पद्धतीची चषक स्पर्धा’ असे लिहावे, आणि 2005-06 च्या हंगामापुरते बोलायचे तर ‘बाद फेरी’ हा शब्द दोन उपांत्य सामने आणि अंतिम सामना एवढ्यांसाठीच ठेवावा.