टायर झिजला, की टायरचा दम उखडला?

उद्यमनगरात वर्कशॉप चालवणाऱ्या एका वाचकांनी विचारलंय: फॉर्म्युला वनच्या मराठी बातम्यांत 'टायर झिजल्यानं गाडी मंदावली' असं सरसकट लिहितात. पण पिटमध्ये (शर्यतीत गाडी थांबवून टायर बदलायच्या जागेत) उतरवलेल्या टायरवर बऱ्याचदा रबर चांगलं शिल्लक दिसतं. मग झिजलं काय? समालोचक सारखं 'डीग्रेडेशन' म्हणतात, त्याला मराठीत काय म्हणावं? आणि 'टायर वॉर'चं, म्हणजे टायर कंपन्यांमधल्या स्पर्धेचं, 'टायरयुद्ध' चालेल का?

शंका रास्त आहे. झीज म्हणजे रबर कमी होणं. डीग्रेडेशन म्हणजे रबर जागेवर असून पकड कमी होणं. रेसचा टायर साधारण शंभर अंशांच्या आसपास तापला की रस्त्याला चिकटून चालतो. त्याहून फार तापला की घसरतो, आणि घसरला की आणखी तापतो. कोशात 'ऱ्हास', 'अवनती' असे शब्द सापडतील, पण 'टायरची अवनती' कीर्तनात शोभेल, पिटमध्ये नाही.

माझं मत 'दम' या शब्दाला. खासबागेत कुस्ती बघितलेल्याला समजावून सांगायला नको: पैलवानाचं वजन तेवढंच असतं, पण दम उखडला की पकड ढिली पडते. शिवाय 'दम खाणे' आपल्याकडं तयारच आहे. वळणाआधी जरा लवकर ॲक्सिलरेटर सोडून, पुढच्या गाडीपासून थोडं अंतर ठेवून चालक टायर गार होऊ देतात आणि थोडी पकड परत येते. म्हणजे टायरला दम खाऊ दिला.

सगळी पकड मात्र परत येत नाही. तापून-निवून रबर कडक पडतं, ते पडतंच. त्याला गॅरेजातला 'रबर वाळलं' हा शब्द चपखल बसतो. बरेच दिवस उभ्या राहिलेल्या स्कूटरचा टायर बघा. नक्षी शाबूत असते, पण नख रुतत नाही, कडेला बारीक चिरा पडलेल्या असतात आणि पहिल्या पावसात गाडी घसरते. अशा टायरला कुठलाही मिस्त्री झिजला म्हणणार नाही. (टायरच्या पृष्ठभागावर रबराचे बारीक कण जमतात त्या ग्रेनिंगला 'दाणे उठणे' आणि आतून फार तापून रबर फुगतं-फुटतं त्या ब्लिस्टरिंगला 'फोड येणे' म्हणावं. दाणे पुढच्या फेऱ्यांत घासून जाऊ शकतात, फोड जात नाहीत.)

खरी झीज बघायची तर ब्रिटनमधल्या सिल्व्हरस्टोनची २०२० ची शर्यत. सेफ्टी कार (अपघातानंतर सगळ्यांना हळू चालवायला लावणारी गाडी) लवकर आल्यानं बऱ्याच जणांनी तेव्हाच टायर बदलले आणि तोच संच शेवटपर्यंत ओढला. शेवटच्या फेरीत चालक लुईस हॅमिल्टनचा पुढचा डावा टायर गेला. तरी तीन चाकांवर गाडी रेटत त्यानं शर्यत जिंकली. इथं 'झिजला' बिनधास्त लिहा.

हा फरक आताच इतका का टोचतो, तर २०११ पासून पिरेली एकटीच टायर पुरवते, आणि शर्यतीत रंगत यावी म्हणून लवकर दम सुटणारे टायर करायला तिला आयोजकांनीच सांगितलं. प्रतिस्पर्धी समोर असता तर असले टायर कुणी मुद्दाम केले नसते. २००१ ते २००६ या काळात ब्रिजस्टोन आणि मिशेलिन समोरासमोर होत्या. २००५ मध्ये पात्रता फेरी आणि अख्खी शर्यत एकाच संचावर काढायचा नियम आला आणि मिशेलिननं १९ पैकी १८ शर्यती मारल्या. उरलेली एक अमेरिकेतल्या इंडियानापोलिसची. तिथल्या तिरक्या, भरधाव वळणावर मिशेलिनचे टायर टिकतील याची खात्री कंपनीलाच देता येईना. शर्यत सुटण्याआधीची फॉर्मेशन फेरी झाल्यावर मिशेलिनच्या १४ गाड्या पिटमध्ये वळल्या आणि ब्रिजस्टोनच्या सहाच गाड्या धावल्या. फेरारीचा मायकल शूमाकर जिंकला, प्रेक्षकांनी शिव्या घातल्या. हे 'झिजला'त बसत नाही आणि 'दम उखडला'तही नाही. इथं 'टायरनं दगा दिला' हेच बरं.

राहिलं 'टायर वॉर'. 'टायरयुद्ध' चूक नाही, पण वर्तमानपत्री मथळ्याचा वास येतो. 'टायर कंपन्यांची चुरस' लिहा. आणि आपल्याकडच्या माणसाशी बोलत असाल तर सरळ 'ईर्षा' म्हणा. ब्रिजस्टोन-मिशेलिन ईर्षेला पेटल्या होत्या, हे कोल्हापुरात कुणालाही एका दमात कळतं. फक्त क्रियापद भूतकाळी ठेवा, कारण पिरेलीचा करार किमान २०२७ पर्यंत आहे.