जुने बॅकअप पुसण्याआधी नवा बॅकअप तपासणारी स्क्रिप्ट

रोज रात्री मायएसक्यूएल या डेटाबेस-प्रणालीचा बॅकअप घेऊन सात दिवसांपेक्षा जुन्या फाइली पुसणारी आपली स्क्रिप्ट क्रॉनमधून, म्हणजे ठरल्या वेळी आज्ञा चालवणाऱ्या सेवेतून, चालते. डेटाबेसचा पासवर्ड बदलल्यावर बॅकअप निघणे थांबले, पण पुसणे चालूच राहिले आणि अखेर एकही उपयोगी प्रत उरली नाही, असे आपण लिहिले आहे. माझ्या मते, फाइलचे वय हाच पुसण्याचा एकमेव निकष ठेवला, तिथेच चूक आहे. आजची प्रत तपासणीत उतरल्याशिवाय जुन्या प्रतीला हात लागता कामा नये.

फाइल अस्तित्वात आहे आणि तिचा आकार शून्य नाही, एवढी तपासणी पुरत नाही. मायएसक्यूएलडंप या बॅकअप (डंप) काढणाऱ्या साधनाचे आउटपुट थेट जीझिप या फाइल आवळणाऱ्या साधनाकडे पाइप केले, म्हणजे सोपवले, असेल, तर डंप लॉगिनलाच अडला तरी जीझिप रिकाम्या इनपुटमधून २० बाइटांची फाइल तयार करते. अशा जोडलेल्या आज्ञांचा, म्हणजे पाइपलाइनचा, एक्झिट कोड (यशापयश सांगणारा आकडा) शेवटच्या आज्ञेचा धरला जात असल्याने स्क्रिप्टला शून्य, म्हणजे यश, मिळते. जीझिपची स्वतःची चाचणीसुद्धा त्या फाइलला निर्दोष ठरवते. म्हणून स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत बॅश हा आज्ञा चालवणारा शेल नमूद करून पाइपफेल (एकही आज्ञा चुकली तर पूर्ण पाइपलाइन अपयशी धरणारा पर्याय) सुरू करावे, डंप तात्पुरत्या नावाने लिहावा, तो उलगडून शेवटच्या ओळीत ‘डंप कम्प्लीटेड’ या अर्थाची इंग्रजी टीप आहे का ते पाहावे आणि मगच फाइलला अंतिम नाव द्यावे. डंपमधील टिपा पर्याय देऊन बंद केल्या असतील, तर ही ओळ मिळणार नाही. यातील एकही पायरी चुकली, तर स्क्रिप्टने तिथेच थांबावे.

जुन्या फाइली शोधून पुसण्यासाठी वापरली जाणारी फाइंड ही आज्ञा आपल्या अटी डावीकडून उजवीकडे तपासते, त्यामुळे डिलीट हा पर्याय नाव आणि वय यांच्या अटींच्या आधी लिहिला गेला तर फोल्डरातील सगळेच जाते. त्याच्या जागी आधी प्रिंट लिहून यादी डोळ्यांखालून घालावी. फाइल शेवटची कधी बदलली ते पाहणाऱ्या एमटाइम या अटीला अधिक ७ दिले, तर २४ तासांचे पूर्ण झालेले टप्पेच मोजले जातात आणि प्रत्यक्षात किमान आठ दिवस जुन्या फाइली निवडल्या जातात. मी मात्र वयापेक्षा संख्येवर विसंबतो: नावात वर्ष-महिना-दिवस या क्रमाने तारीख ठेवावी आणि तपासणीत उतरलेल्या शेवटच्या सात प्रती, कितीही जुन्या असल्या तरी, राखाव्यात.

फोल्डरचा मार्ग व्हेरिएबलमध्ये असेल, तर तो रिकामा असताना स्क्रिप्ट बंद पडेल अशी अट अवश्य घालावी. लिनक्सवरील स्टीम या गेम-प्रोग्रामच्या स्क्रिप्टमधील नेमकी हीच उणीव जानेवारी २०१५ मध्ये उघड झाली होती. व्हेरिएबल रिकामे राहिल्याने पुसण्याची आज्ञा मूळ डिरेक्टरीपासून चालली आणि वापरकर्त्यांच्या खाजगी फाइली गेल्या.

अपयशाची सूचना केवळ ईमेलवर सोडू नये. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कोड साठवणाऱ्या सेवेचा मुख्य डेटाबेस चुकून पुसला गेला, तेव्हा पोस्टग्रेस या डेटाबेस-प्रणालीच्या डंपची साठवणही रिकामी निघाली, कारण ९.६ आवृत्तीच्या डेटाबेसवर ९.२ चे साधन चालत होते आणि त्या अपयशाचे ईमेल मेलव्यवस्थेने नाकारले होते. तेव्हा बॅकअपच्या सर्व्हरऐवजी दुसऱ्या एखाद्या यंत्राने रोज सकाळी शेवटच्या तपासलेल्या प्रतीची तारीख वाचावी आणि ती २६ तासांहून जुनी असल्यास इशारा द्यावा.