आईला इंग्रजी टायपिंग जमत नाही. अँड्रॉइड टॅबवर तिला मराठीत बोलून काम करता येईल का?

हो, येईल, वेगळं काही विकत घ्यायची गरज नाही. बोललेलं ऐकून काम करणाऱ्या गूगल असिस्टंटला 2018 पासून मराठी येतं आणि 2024 मध्ये भारतात आलेल्या गूगलच्याच जेमिनाय ॲपलाही. माझ्या वडिलांच्या टॅबवर मीच सुरू करून दिलंय, ते रोज वापरतात. गूगल ॲप उघडा, कोपऱ्यातल्या प्रोफाइल फोटोवर टॅप करा, सेटिंग्जमध्ये गूगल असिस्टंट, मग भाषा, आणि तिथे मराठी निवडा. ही यादी जुन्या-नव्या टॅबवर थोडी वेगळी दिसते. मग आईला सांगा, वाक्य एका दमात पूर्ण बोलायचं: "पहाटे पाचचा गजर लाव", "यूट्यूबवर भीमसेन जोशींचे अभंग लाव". मध्ये थांबलं की असिस्टंट बोलणं संपलं असं समजतो आणि अर्ध्यावरच शोधायला लागतो. नवशिक्यांचा धीर इथेच सुटतो, म्हणून पहिले काही दिवस शेजारी बसाच. पुस्तकी मराठीची गरज नाही, "व्हॉल्यूम कमी कर" अगदी छान चालतं.

फक्त नेट चालू हवं, आणि टॅबमध्ये सिमची सोय नसेल तर "ताईला फोन लाव" म्हटल्यावर साधा फोन लागणार नाही.