जुन्या फ्लॅटहेड इंजिनासाठी मुदत ठेव मोडावी का?

आपल्या पत्राचा आशय असा आहे : कोल्हापुरातील एक जुने गॅरेज बंद होत असून तेथे अनेक वर्षे पडून असलेले चार सिलिंडरचे फ्लॅटहेड (वरचे हेड चपटे असलेले) पेट्रोल इंजिन मालक आपल्याला ९०,००० रुपयांना देऊ करीत आहेत. ते दुसऱ्या महायुद्धातील जीपचे असल्याचे ते सांगतात, मात्र त्याचा कोणताही कागद त्यांच्याकडे नाही. मिस्त्रींच्या अंदाजाने दुरुस्तीला सव्वा लाख लागतील आणि तयार इंजिन साडेतीन लाखांना जाईल, म्हणून तीन लाखांची मुदत ठेव मोडण्याचा आपला विचार आहे. ठेव मोडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. इंजिनाचा नाद मात्र एवढ्यात सोडण्याचे कारण नाही.

आपला घरखर्च महिना ४५,००० रुपये आहे आणि या ठेवीखेरीज हाताशी रोकड नाही. सहा महिन्यांच्या खर्चासाठी २,७०,००० रुपये राखून ठेवायला हवेत, म्हणजे ही ठेव हीच आपली अडीअडचणीची गंगाजळी आहे आणि तिच्यात खऱ्या अर्थाने मोकळे असलेले पैसे फक्त ३०,००० आहेत. दिवाळीला मिळणाऱ्या ७०,००० रुपयांच्या बोनसमधून या व्यवहाराला पैसे देता येतील, पण तेही इंजिनाची ओळख पटल्यानंतरच.

ओळखीवर एवढा भर देण्याचे कारण असे की सारी किंमत तिच्यावरच उभी आहे. महायुद्धातील विलिस कंपनीच्या जीपचे ‘गो-डेव्हिल’ इंजिन खरे फ्लॅटहेड असून त्याचे दोन्ही वाल्व्ह (इंधन आत घेणारे इनटेक आणि धूर बाहेर सोडणारे एक्झॉस्ट) ब्लॉकमध्ये, म्हणजे इंजिनाच्या मुख्य ओतीव भागात, सिलिंडरच्या बाजूला असतात आणि वरचे हेड म्हणजे स्पार्क प्लग बसवलेले चपटे बिडाचे झाकण असते. त्यानंतर आलेल्या ‘हरिकेन’ इंजिनात फक्त एक्झॉस्ट वाल्व्ह ब्लॉकमध्ये राहिले, इनटेक वाल्व्ह हेडमध्ये गेले आणि वर रॉकर कव्हर, म्हणजे त्या वाल्व्हची यंत्रणा झाकणारे झाकण, आले. हे इंजिन असलेल्या सीजे-३बी जीपा महिंद्राने आपल्याकडे दीर्घकाळ बनवल्या, त्यामुळे ते तुलनेने सहज मिळते आणि त्याला दुर्मीळतेचा भाव येत नाही. दोन्हींचा बोअर (सिलिंडरचा व्यास) तीन पूर्णांक एक अष्टमांश इंच म्हणजे सुमारे ७९.४ मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची धाव) सुमारे १११ मिलिमीटर आणि क्षमता सुमारे २,२०० सीसी असल्याने केवळ मापे घेऊन त्यांच्यातला फरक कळत नाही; ब्लॉकच्या बाजूला वाल्व्हचे झाकण दिसले म्हणून निष्कर्ष काढणेही चुकीचे, कारण ते दोन्हींत असते. मालक ज्याला जीपचे म्हणतात ते इंजिन सुरुवातीच्या अ‍ॅम्बेसेडर किंवा लँडमास्टरचे १,४७६ सीसीचे साइड वाल्व्ह (म्हणजे फ्लॅटहेडच) इंजिनही असू शकते, म्हणून बोअर-स्ट्रोकवरून आधी ती शक्यता बाद करावी.

त्यानंतर क्रमांक पाहावेत. ब्लॉकवर ओतकामातच उमटलेले अंक तो सुटा भाग कोणत्या नमुन्याचा आहे एवढेच सांगतात. वाहनाचा माग लागतो तो ठोकलेल्या क्रमांकावरून. युद्धकाळातील जीपमध्ये हा क्रमांक पुढे उजव्या बाजूला, ऑइल फिल्टरजवळच्या सपाट जागेवर असतो आणि विलिसच्या इंजिनावर त्याआधी ‘एमबी’, फोर्डने बनवलेल्यावर ‘जीपीडब्ल्यू’ ही रोमन अक्षरे असतात. तेथे घासल्याच्या खुणा असतील किंवा अक्षरे वेगवेगळ्या वळणाची दिसली, तर भाव कितीही उतरवून मिळाला तरी व्यवहार करू नका. असे इंजिन पुढे आरटीओच्या नोंदीत अडकते आणि चोरीच्या वाहनाची शंकाही येते.

तपासणीत घाई नको. जाम इंजिनाला स्टार्टर लावू नये. प्लग काढून सिलिंडरमध्ये तेल सोडावे, काही दिवस मुरू द्यावे आणि पुढच्या पुलीला पाना लावून हाताने फिरवून पाहावे. फ्लॅटहेडमध्ये एक्झॉस्टची उष्णता ब्लॉकमधूनच जात असल्याने तडा बहुधा एक्झॉस्ट वाल्व्हची सीट आणि बोअर यांच्या मधल्या अरुंद भागात जातो, आणि तो हेड उतरवल्याशिवाय दिसत नाही. पिस्टनच्या माथ्यावर ०२० किंवा ०३० असे अंक असतील, तर बोअर आधीच तितके हजारांश इंच वाढवलेला आहे, म्हणजे पुढच्या बोअरिंगला जागा कमी उरली आहे. ब्लॉकची दाबाखालची चाचणी आणि क्रँकचे (पिस्टन फिरवतात त्या दांड्याचे) माप यांसाठी उद्यमनगरसारखी यंत्रकामाची वसाहत आपल्या शहरातच आहे, ही मोठी सोय आहे.

आता हिशोब पाहू. खरेदी आणि दुरुस्ती मिळून २,१५,००० रुपये होतात. सात टक्के दर धरला तर हीच रक्कम ठेवीत दोन वर्षांत करापूर्वी सुमारे २,४६,००० होईल. साडेतीन लाख मिळण्याची शक्यता मी तीनांत एक धरतो आणि उरलेल्या दोन वेळा एक लाखच हाती येईल असे मानतो. त्याची सरासरी १,८३,००० येते, म्हणजे घातलेले पैसेही परत येत नाहीत. तडा निघाला तर बिडाचे मोल उरते : पावणेदोनशे किलो वजन आणि किलोला ३५ रुपये धरले, तर सहा हजारांच्या आसपास. विकण्याच्याच हेतूने घेतल्यामुळे नफा झालाच, तर तो व्यवसायाचे उत्पन्न म्हणून करपात्र ठरेल.

ग्राहकही मर्यादित आहे. २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज नोंदणी पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात राखलेल्या आणि इंजिनासह मोठे बदल न केलेल्या वाहनालाच मिळते, त्यामुळे अशी जीप असलेला माणूस बरोबर त्याच प्रकारचे इंजिन शोधतो आणि तेवढ्यासाठीच चांगला भाव देतो.

म्हणून खर्चाचा क्रम बदला. ५,००० रुपये विसार द्या आणि चिठ्ठीवर लिहून घ्या की आपल्या खर्चाने हेड उतरवून तपासणी होईल, ब्लॉकला तडा निघाला किंवा क्रमांक संशयास्पद वाटला तर विसार परत मिळेल. सारे ठीक ठरून ‘गो-डेव्हिल’च निघाले, तर ६०,००० पर्यंत जा आणि उरलेली रक्कम बोनस आल्यावर देण्याची मुदत मागा, ‘हरिकेन’ असेल तर २५,००० च्या वर एक रुपयाही नको. दुरुस्तीचा सव्वा लाख मात्र इंजिन घेणारा जीपमालक आगाऊ रक्कम देईपर्यंत खर्च करू नये, तोवर प्लगच्या भोकांत तेल सोडून आणि सर्व तोंडे बंद करून ते कोरड्या जागी ठेवावे.