बातमी छापण्याआधी फाइल लाव

प्रिय तरुण सहकाऱ्यास,

अनेक आशीर्वाद.

नगरपरिषदेच्या डांबरी रस्त्याची बातमी वाचली. कागद मिळवायला तू कष्ट घेतलेस आणि विषय छापून यायलाच हवा असा आहे. म्हणूनच तुझ्या मथळ्यापाशी थांबलो: 'नगराध्यक्षांनी लाटले चाळीस लाख'. मोजमाप पुस्तिकेत थराची जाडी ५० मिलिमीटर नोंदली आहे. प्रयोगशाळेने रस्त्यातून काढलेल्या नमुन्यांत ती ३० च्या आसपास भरते, आणि बिल मात्र पूर्ण जाडीचं निघालं आहे. कागद एवढंच सांगतात. फरकाचा पैसा कोणाच्या खिशात गेला, हे त्यांतला एकही कागद बोलत नाही. पुस्तिकेवर सही अभियंत्याची, बिलावर मुख्याधिकाऱ्यांची. नगराध्यक्षांची सही तुझ्या गठ्ठ्यात कुठेच दिसली नाही. तेव्हा मथळा कर: 'बिल ५० मिलिमीटरचं, रस्ता ३० मिलिमीटरचा'. हा मथळा जास्त बोचेल, कारण त्याला खोटं म्हणायची कोणाची सोय नाही.

आपल्याला जे ठाऊक आहे आणि जे चार वर्षांनी न्यायालयात सिद्ध करता येईल, त्यांतलं दुसरंच छापायचं. पहिलं कितीही पक्कं वाटलं तरी ते पुढच्या बातमीसाठी वहीत राहू दे.

आता कायदा. राज्यघटनेच्या कलम १९(१)(क) मधल्या अभिव्यक्तिस्वातंत्र्यातच वृत्तपत्राचं स्वातंत्र्य येतं. वृत्तपत्रांसाठी वेगळं कलम नाही. १९(२) मध्ये ज्या कारणांसाठी वाजवी निर्बंध घालता येतात, त्यांत बदनामी आणि न्यायालयाचा अवमान आहेत. १ जुलै २०२४ पासून बदनामीचा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आहे. त्याआधी तो दंडसंहितेच्या ४९९ आणि ५०० मध्ये होता. शिक्षा दोन वर्षांपर्यंत साधी कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही, आणि आता समाजसेवेचाही पर्याय आहे. शब्दांसाठी माणसाला तुरुंगात घालणारं हे कलम नसावं, असं माझं ठाम मत आहे. पण सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये सुब्रमण्यम स्वामी खटल्यात ते घटनेला धरून असल्याचं ठरवलं आहे, तेव्हा ते आहे असं धरूनच काम करायचं.

या कलमाला दहा अपवाद आहेत. पहिला नीट वाच. फौजदारी खटल्यात मजकूर खरा असणं पुरत नाही, तो छापणं लोकहिताचंही असावं लागतं. दिवाणी दाव्यात मात्र सत्य हा पूर्ण बचाव आहे. लोकसेवकाच्या सार्वजनिक वर्तनावर मतप्रदर्शन, न्यायालयीन कामकाजाचं बहुतांशी खरं वृत्त, लोकहितासाठी सद्भावनेने केलेला आरोप, हेही अपवादांत येतात. घोळ होतो तो 'सद्भावना' या शब्दापाशी. मन साफ होतं एवढ्याने कायद्याची सद्भावना होत नाही. पुरेशी काळजी आणि लक्ष न देता केलेली गोष्ट सद्भावनेची नव्हे, अशी तिची व्याख्याच आहे. म्हणजे न्यायाधीश तुझ्या हेतूबरोबर तुझी पडताळणीही तपासणार. अपवाद लागू आहे हे दाखवायची जबाबदारी आपली असते. ती फिर्यादी पक्षाइतकी कडक नाही, तुझं म्हणणं अधिक संभवनीय वाटलं तरी पुरतं. पण त्यासाठी हातात काहीतरी लागतं.

पडताळणी नसली की काय होतं, हे टिळक-आगरकरांच्या पत्रांना अगदी सुरुवातीलाच कळलं. 'केसरी' आणि 'मराठा' सुरू होऊन जेमतेम वर्ष झालं होतं. कोल्हापूरच्या छत्रपतींचा छळ चालला आहे असं सांगत दोन्ही पत्रांनी तिथले कारभारी महादेव वासुदेव बर्वे यांच्यावर आरोप केले, आणि आधाराला बर्व्यांची म्हणून पत्रं होती. ती बनावट निघाली. टिळक-आगरकरांच्या हेतूबद्दल कोणालाच शंका नव्हती, त्यांनी माफीही मागितली, तरी १८८२ मध्ये दोघांना चार महिन्यांची शिक्षा झाली आणि १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात काढावे लागले. म्हणून कोणी आणून दिलेली झेरॉक्स ही फक्त सुरुवात समज. माहिती अधिकारात दहा रुपये भरून अर्ज कर, पानाला दोन रुपये देऊन प्रमाणित प्रत घे. उत्तराला तीस दिवस लागू शकतात. ते लागू देत. ध्वनिमुद्रण किंवा व्हॉट्सअॅप संदेश असेल तर मूळ फोन जपून ठेव. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे लागणाऱ्या प्रमाणपत्रात आता हॅश मूल्यही, म्हणजे फाइलमध्ये फेरफार झालेला नाही हे पडताळायचा सांकेतिक आकडा, नोंदवावं लागतं. दुसऱ्याने तिसऱ्याला पाठवलेला स्क्रीनशॉट तिथे लंगडा पडतो.

तुझ्या मजकुरात सहा ठिकाणी 'कथित' आणि तीन ठिकाणी 'असे समजते' आहे. दोन्ही काढ. आरोप दुसऱ्याने केला आणि आपण नुसता छापला, तरी छापणं ही आपली स्वतंत्र कृती ठरते. विरोधी गटाच्या नगरसेवकाचं पत्रकार परिषदेतलं वाक्य तू जसंच्या तसं घेतलं आहेस. त्याचा बोजा आपल्यावर येईल. विधानसभेतल्या किंवा संसदेतल्या भाषणाचं बहुतांशी खरं आणि द्वेषरहित वृत्त दिलं तर राज्यघटनेच्या कलम ३६१-क चं संरक्षण मिळतं, पण नगरपरिषदेची सभा त्यात बसत नाही. हा फरक तालुक्याच्या वार्ताहराला फार महागात पडू शकतो. एफआयआरचंही तसंच: 'फिर्यादीत असा आरोप आहे' इथपर्यंत थांबायचं, आणि पुढे तो माणूस सुटला तर ती बातमीही तेवढ्याच जागेत द्यायची.

फोटो आणि त्याखालची ओळ कोणी वाचत नाही असं समजू नकोस. २००८ मध्ये 'टाइम्स नाऊ'ने भविष्य निर्वाह निधी घोटाळ्याच्या बातमीत न्या. सामंता यांच्या जागी न्या. पी. बी. सावंत यांचा फोटो सुमारे १५ सेकंद दाखवला. नामसाधर्म्याची चूक. पुण्याच्या न्यायालयाने २०११ मध्ये १०० कोटींच्या भरपाईचा हुकूम दिला. रक्कम मला अवाजवीच वाटते, पण फोटोवरचं नाव दोनदा तपासायला दोन मिनिटं पुरली असती. तुझ्या बातमीतल्या ठेकेदाराच्या आडनावाची त्या गावात बरीच घरं असतील, तेव्हा संस्थेचं नोंदणीकृत नावच लिही.

मुख्याधिकारी, अभियंता आणि ठेकेदार, तिघांना प्रश्न लेखी पाठव. 'आपलं म्हणणं काय' असं मोघम विचारू नकोस. नोंदवही क्रमांक, पान, जाडी, बिलाची तारीख देऊन विचार, आणि उत्तराला किमान दोन दिवस दे. रात्री नऊला फोन करून 'संपर्क होऊ शकला नाही' लिहिणं म्हणजे सद्भावनेचा बचाव आपल्या हाताने घालवणं. उत्तर आलं तर त्यातला मुद्दा बातमीच्या वरच्या भागात घे.

नोटीस आली तर स्वतः उत्तर देऊ नकोस, फोनवर दिलगिरी व्यक्त करू नकोस आणि संकेतस्थळावरचा मजकूर गुपचूप बदलू नकोस. नोटीस त्याच दिवशी संपादकांकडे आणि वकिलाकडे जायला हवी. आपली चूक खरोखर असेल तर दुरुस्ती लगेच आणि ठळक छापायची, वकिलाने शब्द पाहिल्यावर. बदनामी अदखलपात्र आणि जामीनपात्र गुन्हा आहे. न्यायालयाच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही, तेव्हा ठाण्यातून फोन आला म्हणून घाबरू नकोस, पण एकट्याने जाऊही नकोस. तक्रार मॅजिस्ट्रेटपुढे जाते, आणि नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २२३ प्रमाणे दखल घेण्याआधी त्यांना आपलं म्हणणं ऐकावं लागतं. भरपाईच्या दाव्याला प्रसिद्धीपासून एक वर्षाची मुदत, फौजदारी तक्रारीला तीन वर्षांची. तुझी वही आणि कागद त्याहूनही जास्त काळ ठेव, कारण मुदतीत दाखल झालेला खटला पुढे कित्येक वर्षं रेंगाळतो.

ठेकेदार छपाईआधीच मनाई हुकूम आणायला धावेल अशी शक्यता मला दिसते. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये ब्लूमबर्ग विरुद्ध झी प्रकरणात बजावलं आहे की खटला चालण्याआधी लेख रोखणारे आदेश सहज द्यायचे नाहीत. मजकूर द्वेषमूलक किंवा उघड खोटा असल्याचं दिसावं लागतं. तरी एकतर्फी आदेश टाळायचा तर दिवाणी न्यायालयात कॅव्हेट, म्हणजे आपलं ऐकल्याशिवाय आदेश देऊ नये असा अर्ज, दाखल करावं. ते ९० दिवस चालतं. प्रश्न पाठवायच्या आदल्या दिवशीच ते दाखल व्हायला हवं, म्हणून वकिलांशी सोमवारी बोल.

तोवर बातमीच्या प्रत्येक वाक्यासमोर समासात त्याच्या कागदाचा क्रमांक लिहून काढ. ज्या वाक्यासमोर क्रमांक येणार नाही ते खोडून, उरलेला मजकूर आणि प्रश्नांचा मसुदा मला पाठव.

तुझा,
एक जुना वृत्तसंपादक