उन्हाळी महाल की ग्रीष्मकालीन राजवाडा?

नाशिकरोडच्या एका ताईंनी विचारलंय. श्रीरंगपट्टणच्या सहलीवर लिहिताना टिपू सुलतानाच्या दर्या दौलत बागेला त्यांनी 'उन्हाळी महाल' म्हटलं. घरच्यांना ते उन्हाळ कांद्यासारखं वाटलं. मग 'ग्रीष्मकालीन राजवाडा' करावं का?

ताई, बदलू नका.

ग्रीष्म म्हणजे ज्येष्ठ-आषाढ. आपल्या अंगाची लाही होते ती चैत्र-वैशाखात, आणि सहा ऋतूंच्या हिशेबात ते महिने वसंताचे! ज्येष्ठात मृग लागतो. पुढे आषाढ-श्रावणात गोदेला पूर आला की नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर लागलं ते बघायला आपण जातो. तो काही उन्हाळा नव्हे. श्रीरंगपट्टणलाही खरा ताप मार्च ते मे. 'ग्रीष्मकालीन' दिसायला भारदस्त, पण महिने चुकवतो.

उन्हाळा आला 'उष्णकाल'वरून, जसा 'हिमकाल'वरून हिवाळा. काल त्यात मुरलेलाच आहे, वेगळा 'कालीन' कशाला जोडायचा? हिवाळी अधिवेशन म्हणताना आपण अडखळत नाही. आणि जो शब्द कांद्याला चालतो तो महालाला कमीपणा आणत नाही, असं मला मनापासून वाटतं. 'उन्हाळी लागणे' म्हणजे लघवीला जळजळ होणे, हे खरं. पण तिथे उन्हाळी हे नाम आहे, पुढे महाल आला की घोटाळा होत नाही. तरीही खटकलं तर 'उन्हाळ्याचा महाल' लिहा.

राजवाडा मात्र नकोच. वाडा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर नाशिकचा सरकारवाडा येतो. दर्या दौलत तशी नाही. १७८४ मध्ये किल्ल्याबाहेर, कावेरीकाठी, बागेच्या मधोमध चौथऱ्यावर बांधलेली ही सागवानी वास्तू. भिंतींवर १७८० च्या पोल्लिलूरच्या लढाईची चित्रं आहेत. कर्नल बेलीच्या इंग्रज फौजेचा तिथे पराभव झाला होता. १७९९ मध्ये टिपू पडल्यावर इंग्रज सेनाधिकारी आर्थर वेलस्ली याच महालात राहिला. टिपूचा मुख्य राजवाडा, लाल महाल, किल्ल्याच्या आत होता. दोन्हींना एकच शब्द वापरला तर हा फरक पुसला जाईल.

आणखी एक. दर्या म्हणजे आपल्याला फक्त समुद्र. दर्यावर्दी, दर्यासारंग हे शब्द त्यातूनच आले. फारसीत मोठी नदीही दर्याच. आमू दर्या ही नदीच आहे. तेव्हा लेखात 'समुद्राची संपत्ती' असा अर्थ दिलात, तर शेजारी नदीचाही द्या. महालाजवळून कावेरी वाहते.